दोरावर नसलेल्यांची काळजी: गट घेऊन खडक चढायला जाताना

जानेवारीतली सकाळ होती. नागपूरपासून दीड तासावर, शेतांच्या पलीकडे, जेमतेम पंधरा मीटर उंचीचा काळा कातळ. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदा खडक चढत होती. सहा-सात मीटर वर गेली आणि अडकली. पाय लटपटत होते, बोटं सुटत होती. रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "ताई, मी पडून राहिली न!" खाली उभ्या सगळ्यांचे डोळे तिच्यावर. माझेही.

त्याच वेळी तिचा वर्गमित्र मागच्या पायवाटेने वर गेला होता. वरून व्हिडिओ छान येईल म्हणून कड्याच्या अगदी धारेवर येऊन, एका हातात मोबाइल धरून वाकला होता. पायात चपला, डोक्यावर काही नाही, कमरेला काही नाही. वर अँकरजवळ, म्हणजे दोर जिथे पक्का केलेला असतो त्या आधाराजवळ, बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने त्याचा शर्ट धरला आणि त्याला मागे ओढून बसवलं. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही.

त्या मुलीचे हात सुटले असते तर ती थोडीशी खाली आली असती आणि दोरावर लोंबकळली असती. मुलाचा पाय सटकला असता तर त्याच्या आणि जमिनीच्या मधे पंधरा मीटर हवा होती. मी मात्र मुलीकडे बघत होते.

तेव्हापासून मी सेशनची आखणी उलट्या टोकाकडून करते. नीट बांधलेल्या दोरावरचा नवशिका हा त्या सकाळी तिथला सगळ्यात सुरक्षित माणूस असतो. खरी काळजी दोरावर नसलेल्यांची करायची असते: वर धारेजवळ वावरणाऱ्यांची, खाली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्यांची, पायवाटेने चढउतार करणाऱ्यांची. पण "नीट बांधलेला दोर" हे तीन शब्द मी इथे सहज लिहून गेले. त्यांच्यात काय काय येतं ते आधी समजून घेऊ, कारण ते पक्कं असेल तरच लीडरला नजर दुसरीकडे वळवता येते.

दोर वरून येतो म्हणजे काय

नवशिक्यांच्या गटासाठी वापरतात ती पद्धत म्हणजे टॉप रोप. विहिरीवरचा रहाट आठवा. पोहऱ्याला बांधलेला दोर वरच्या चाकावरून जाऊन परत आपल्या हातात येतो, तसंच हे. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना, मधला भाग वर कड्यापाशी पक्क्या केलेल्या अँकरमधून, आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या बिलेअरच्या हातात. चढणारा जसा वर जातो तसा बिलेअर दोर ओढून घेतो. तो सुटला तर बिलेअर दोर अडवून धरतो. या धरण्याला बिले देणं म्हणतात.

रहाटाच्या चाकावर किती वजन येतं याचा विचार आपण सहसा करत नाही, पण इथे करावाच लागतो. साठ किलोचा माणूस दोरावर स्वस्थ लटकला तरी अँकरवर फक्त साठ किलो येत नाहीत. खालून बिलेअरही त्याच दोराला ओढून धरत असतो. घर्षणामुळे त्याच्याकडचा ताण थोडा कमी असतो, तरी दोन्ही मिळून अँकरवर शंभर किलोच्या आसपास भार येतो. दोर थोडा सैल असताना माणूस निसटला तर हा आकडा क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. चांगल्या कॅराबिनरवर, म्हणजे तोंड उघडता येणाऱ्या धातूच्या कडीवर, २० किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त आकडा कोरलेला असतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचं वजन, म्हणजे ती छोटीशी कडी दोन हजार किलो पेलते. पण हा आकडा कडीचं तोंड बंद असताना आणि ताण तिच्या लांबीच्या दिशेने असतानाचा. तोंड उघडं राहिलं तर हीच ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून वर स्क्रू असलेल्या दोन कॅराबिनर लावायच्या, तोंडं एकमेकींच्या विरुद्ध, आणि स्क्रू फिरवल्यावर बोटाने दाबून बघायचं. नुसतं बघून कळत नाही, दाबून कळतं.

अँकर कधी एका आधारावर ठेवायचा नाही. खडकात ठोकलेला एक बोल्ट, एक झाड, एक शिळा कितीही भक्कम दिसली तरी किमान दोन आधार घ्यायचे, मी तीन घेते. एक निसटला तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे, आणि तोही झटका न बसता. इथे एक गणित आहे जे लग्नघरात पाण्याची जड बादली दोघांनी मिळून उचललेल्या प्रत्येकाला अंगाने माहीत असतं. दोघं जवळजवळ उभे असले की बादली हलकी वाटते. दोघं लांब सरकून हात आडवे केले की तीच बादली खांदे उपटते. अँकरच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक आधारावर भाराच्या ५८ टक्के ताण येतो. ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण शंभर टक्के, म्हणजे दोन आधार घेऊन काहीच मिळवलं नाही. त्यापुढे तर आधार मूळ वजनापेक्षाही जास्त ओढले जातात. म्हणून स्लिंग, म्हणजे आधाराला गुंडाळायची कापडी पट्टी, लांब घ्यायची आणि कोन अरुंद ठेवायचा. मी ६० अंशांच्या आत राहते.

दुसरी एक गोष्ट नागपूरच्या पोरांना समजावणं फार सोपं जातं. दोर सरळ कापडी स्लिंगमधून ओवायचा नाही, मधे धातूची कॅराबिनर हवीच. का? संक्रांत आठवा. पेच लागला की आपण भरभर ढील देतो. आपला मांजा सरकत राहतो, त्याची घासण सगळ्या लांबीवर वाटली जाते. समोरच्याचा मांजा एका जागी थांबलेला असेल तर त्याच एका बिंदूवर सगळी घासण बसते आणि तो कटतो. अँकरवर अगदी हेच होतं. माणसाला खाली सोडताना दोर सरकत असतो आणि स्लिंग जागच्या जागी असते. नायलॉनवर नायलॉन घासून त्या एका जागी उष्णता साठते आणि स्लिंग वितळते. दोर शाबूत, स्लिंग खलास. हे एकदा सांगितलं की पुन्हा कुणाला सांगावं लागत नाही.

कॅराबिनर कड्याच्या धारेच्या खाली लोंबेल इतकी लांब स्लिंग ठेवायची, म्हणजे दोर दगडावर घासत नाही. स्लिंग जिथे धारेवरून वळते तिथे गोणपाटाची जाड घडी किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा टाकून तो बांधून ठेवायचा. बांधलेला नसेल तर दहा मिनिटांत सरकतो.

दोर ताणला जातो, ही गोष्ट नवे लीडर विसरतात. डायनॅमिक दोर लवचीक असतो, पडणाऱ्याचा झटका तो स्वतः गिळतो. तेच त्याचं काम. मानकांनुसार एकेरी वापराचा दोर ८० किलो वजनाखाली दहा टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी चालतो. आता हिशोब करा. पंधरा मीटरच्या कड्यावर चढणारा अजून जमिनीजवळ आहे, म्हणजे त्याच्यापासून वर अँकरपर्यंत आणि परत बिलेअरपर्यंत जवळजवळ तीस मीटर दोर मधे आहे. तो एक-दोन मीटर सहज ताणला जातो. दोन मीटर वर गेलेला माणूस सुटला तर दोर बांधलेला असूनही जमिनीवर येऊन आदळू शकतो, घोटा मुरगळतो. म्हणून पहिल्या तीन-चार मीटरपर्यंत दोर ताठ ठेवायचा आणि खालची जागा साफ करून ठेवायची: टोकदार दगड नाही, सॅक नाही, पाण्याची बाटली नाही.

बिले देणाऱ्याचा हात

बिलेचं उपकरण म्हणजे दोराला वाकडं वळण देऊन घर्षण वाढवणारी एक छोटी वस्तू. ती स्वतः फार थोडं करते. धरतो तो हात. उपकरणातून बाहेर पडणारा दोर ज्या हातात असतो तो ब्रेकचा हात, आणि तो दोरावरून कधीच सुटत नाही. नाक खाजलं तरी नाही, मधमाशी आली तरी नाही. स्वतःहून अडकणारी उपकरणंही मिळतात आणि गटासाठी ती चांगलीच आहेत, पण ती असली तरी हाताचा नियम बदलत नाही.

नवशिक्याला बिले द्यायला शिकवायचं का? माझं मत, हो, शिकवायचं. पण त्याच्यामागे दुसरा माणूस तोच दोर धरून उभा हवा आणि त्यांच्या शेजारी हाताच्या अंतरावर प्रशिक्षक हवा. दोघांच्या वजनात फार फरक असेल, ४५ किलोची मुलगी ८५ किलोच्या मुलाला बिले देत असेल, तर ती वर उचलली जाते. तिला मागे जमिनीलगतच्या आधाराला बांधायचं, नाहीतर जोडी बदलायची. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची. ही गाठ नसल्यामुळे, दोर कमी पडून टोक उपकरणातून सटकून जाणं, हा अनुभवी लोकांकडूनही घडणारा अपघात आहे. गाठ मारायला पाच सेकंद लागतात.

आता भाषेचा प्रश्न. मी सुरुवातीला मराठीत सूचना ठरवल्या होत्या: दोर घट्ट हवा असेल तर "ओढ", सैल हवा असेल तर "सोड". एका वाऱ्याच्या सकाळी वरून "ओढ" आलं आणि खाली "सोड" ऐकू गेलं. मुलगा अर्धा मीटर खाली आला आणि घाबरला, एवढ्यावर निभावलं. पण दोन शब्दांचा अर्थ उलटा आणि आवाज सारखा, हे मला आधीच कळायला हवं होतं. आता आमच्याकडे "टाइट" आणि "ढील" असे शब्द आहेत. पतंगामुळे ढील प्रत्येकाच्या जिभेवर आहे आणि टाइटशी ते दुरूनही जुळत नाही. सूचनेच्या आधी माणसाचं नाव घ्यायचं, कारण शेजारच्या दोरावरही कुणीतरी ओरडत असतं: "पल्लवी, टाइट!"

चढण्याआधी जोडीने एकमेकांना तपासायचं. दोघांच्या हार्नेसचं बकल, पट्ट्याचं उरलेलं टोक, आठाच्या आकड्याची गाठ, बिलेच्या कॅराबिनरचा स्क्रू, हेल्मेटचा पट्टा. प्रत्येक गोष्टीला हात लावायचा आणि मोठ्याने बोलायचं. गाठ अर्धवट राहण्याचं कारण बहुतेक वेळा अज्ञान नसतं, मधेच कुणीतरी गप्पा मारायला येतं. म्हणून आमच्याकडे गाठ बांधणाऱ्याशी कुणी बोलत नाही. बोललं गेलं तर गाठ सोडून पहिल्यापासून बांधायची.

किती माणसं न्यायची

या प्रश्नावर माझे सगळ्यात जास्त वाद झाले आहेत. एका कॉलेजने चाळीस मुलं एकाच सकाळी न्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी भाव खाते आहे. म्हणून तोच हिशोब इथे मांडते.

एका माणसाच्या पाळीला पंधरा मिनिटं धरा. बांधणं, तपासणं, चढणं, मधे अडकणं, उतरणं, सोडणं. दोन दोर लावले आणि चोवीस माणसं असली तर प्रत्येक दोरावर बारा. बारा गुणिले पंधरा म्हणजे तीन तास. साडेसातला सुरुवात केली तर साडेदहापर्यंत प्रत्येकाची एकच पाळी. म्हणजे प्रत्येक जण पंधरा मिनिटं दोरावर आणि पावणेतीन तास रिकामा. हे पावणेतीन तास धोक्याचे. कंटाळलेला माणूस हेल्मेट काढतो, बाजूच्या शिळेवर चढून बघतो, फोटोसाठी धारेवर जातो, झुडपात हात घालतो. एखादा म्हणतो, "काहून बसून राहिले बे, चाल वर जाऊन पाहू."

बारा माणसं आणि दोन दोर असले तर एक फेरी दीड तासाची. प्रत्येकाला दोन पाळ्या मिळतात. बसणारे कमी आणि बसण्याचा वेळही कमी. त्यातही प्रत्येक दोराला दोघे बिलेवर, पुढच्या पाळीचे दोघे हार्नेस चढवत असतात, म्हणजे अगदी मोकळे असे मोजकेच उरतात. या बारांसाठी मी चार जाणकार नेते. प्रत्येक दोराजवळ एक, वर अँकरपाशी एक, आणि एक फक्त मोकळ्या लोकांसाठी. चौथा माणूस कुणालाच पटत नाही. तो काही करताना दिसत नाही म्हणून खर्च वाचवताना सगळ्यात आधी तोच कापला जातो. त्या जानेवारीत माझ्याकडे तिघेच होते.

हा चौथा माणूस जागा आखतो. कड्याच्या पायथ्यापासून काही मीटर अंतरावर फक्कीची रेघ मारायची. रेघेच्या आत आलात तर हेल्मेट डोक्यावर हवं, मग तुम्ही फक्त टाळ्या वाजवायला आलेले असा. वरून सुटलेला मुठीएवढा दगड सरळ खाली येत नाही, कपारीला आपटून बाजूला उडतो. दगड दिसला की "दगड!" असं ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं. वरच्या बाजूलाही धारेपासून दोन-तीन मीटर आत एक दोरी बांधलेली असते. तिच्या पुढे जायचं तर आधी सेल्फ अँकर, म्हणजे स्वतःला आधाराला बांधून घ्यायचं, मग पाऊल. हा नियम माझ्यासाठीही आहे, फक्त एक स्लिंग सरकवायची असेल तरीही.

लीडरने स्वतः किती चढायचं? माझ्या मते अजिबात नाही. "ताई, तुम्ही दाखवा न चढून" असा आग्रह होतो आणि मोहही होतो. पण मी खडकावर असते तेव्हा मला फक्त खडक दिसतो.

आधी एकदा जाऊन येणं

गट नेण्याच्या आदल्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वेळेला जायचं. नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलेलं आहे. पश्चिमेकडे दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइससारखे रूपांतरित खडक. पचमढीला गेलात तर तिथे वालुकाश्म. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बेसाल्ट ताजा असेल तर उत्तम, पण तो कुजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, आणि दोन लाव्हाथरांच्या मधला पट्टा पुष्कळदा भुसभुशीत असतो. वालुकाश्म पाऊस पडून गेल्यावर आतून ओला राहतो आणि तेव्हा होल्ड, म्हणजे हातापायाने पकडायचे उंचवटे, तुटतात. तळव्याने किंवा हातोडीने ठोकून बघायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, मडक्यासारखा पोकळ आला तर तिथे कुणालाच चढवायचं नाही.

झाडाला अँकर करायचा असेल तर झाड जिवंत हवं, मांडीएवढं जाड हवं आणि मुळं मातीत खोल गेलेली हवीत. स्लिंग खोडाला अगदी बुंध्याशी बांधायची, उंचावर बांधली तर तरफेसारखा जोर बसतो. कपारीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर भक्कम दिसतो, पण त्याच्याच मुळांनी ती शिळा आतून फोडलेली असू शकते. त्याच्यावर मी विसंबत नाही. जुना बोल्ट सापडला तर तो कुणी, कधी ठोकला हे माहीत नसेल तोवर तो आपल्यासाठी नाहीच.

मग मोहोळ. दोरावरचा माणूस सगळ्यात सुरक्षित, असं मी वर लिहिलं. त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आग्या मोहोळाचा. या माश्या कड्याच्या पुढे आलेल्या छपरासारख्या भागाखाली आणि उंच झाडांवर उघडं पोळं बांधतात. खालच्यांना पळता येतं. दोरावर अडकलेल्याला पळता येत नाही, आणि बिले देणाऱ्याला त्याला सोडून पळता येत नाही. या माश्या जागा बदलत राहतात, म्हणून गेल्या महिन्यात पोळं नव्हतं याला आज काही अर्थ नाही. सकाळी पोचलो की दोर काढण्याआधी दुर्बिणीने अख्खा कडा आणि आसपासची झाडं बघायची. पोळं दिसलं तर त्या दिवशी तिथे चढाई नाही, चहा पिऊन परत. धूर करायचा नाही, विडी-सिगारेट नाही, दगड भिरकावायचे नाहीत, अत्तर आणि डिओ घरी ठेवायचे. तरीही माश्या उठल्याच तर सगळ्यात आधी दोरावरच्याला झटपट खाली घ्यायचं, सामान आवरत न बसता हार्नेससकट निघायचं, डोकं-तोंड झाकून गाडीकडे किंवा दाट झुडपाकडे पळायचं, आणि हात झटकायचे नाहीत.

त्याच फेरीत गावात जाऊन यायचं. जमीन कुणाची आहे ते विचारायचं. वनखात्याची असेल तर लेखी परवानगी घ्यायची. नागपूरभोवतीचं बरंचसं जंगल वाघ-बिबट्यांच्या वावराचं आहे, तिथे पहाटे अंधारात बारा जणांना घेऊन चालत जाणं हा वेगळाच धोका. पैसे घेऊन असे उपक्रम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाचं २०२१ सालचं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आणि मी या लेखात त्या कातळाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तो गावाच्या भल्या मनावर आम्हाला मिळालेला आहे.

ऊन आणि पाऊस

आमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि काळा कातळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हाताला चटके बसतात, घामाने बोटं घसरतात. हिवाळ्यातही आम्ही साडेअकराला आवरतो. कडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघायचं. पश्चिमेकडचा असेल तर सकाळभर सावली मिळते. माणशी तीन लिटर पाणी प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर हवं. नाश्त्याला साधे पोहे चालतात, तर्री परतीच्या वाटेवर. कमरेचा पट्टा पोटावर आवळला की तिखट वर येतं.

पावसाळ्यात मी गट नेत नाही. शेवाळ, निसटता मुरूम आणि विजा. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्येही अवकाळी आणि गारा येतात, तेव्हा वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजून सगळं थांबवायचं, कड्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

माणसं

नाव नोंदवतानाच दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, खांदा निखळण्याचा इतिहास हे विचारून घ्यायचं. कागदावर लोक लिहित नाहीत, म्हणून सकाळी पुन्हा एकेकट्याला बाजूला घेऊन विचारायचं. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी सांगत नाही. अंगठ्या, कडं, बांगड्या काढायला लावायच्या. अंगठी कपारीत अडकून वजन आलं तर बोटाची कातडी सोलून निघते. मंगळसूत्र काढायला सांगणं अवघड जातं, तेव्हा मी ते टी-शर्टच्या आत घालून वर चिकटपट्टी लावते, आणि ते काम आमच्यातली बाईच करते. ओढणी नाही, केसांची वेणी शर्टच्या आत, नाहीतर बिलेच्या उपकरणात केस अडकतात. लहान मुलांची कंबर अजून नितंबांपेक्षा बारीक झालेली नसते, कमरेचा हार्नेस उलटं झाल्यास निसटू शकतो. त्यांना खांद्यावरून येणारा पूर्ण हार्नेस.

आणि भीती. दोरावर थिजलेल्या माणसाला खालून "जमते बे, चढ न!" असं ओरडणं थांबवायला हवं. त्याच्या भल्यासाठी ओरडतात हे मला माहीत आहे. पण त्याला तेव्हा एकच आवाज ऐकू यायला हवा, बिलेअरचा नाहीतर प्रशिक्षकाचा. "पल्लवी, दोर टाइट आहे. बसून बघ दोरावर. हात सोड." एकदा तिने सोडले आणि काही झालं नाही हे तिच्या शरीराला कळलं की पुष्कळदा ती पुढे जाते. ती "उतरायचं" म्हणाली तर लगेच उतरवायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहणं शरीरालाही वाईट असतं, रक्त पायांत साठून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

काही झालंच तर

निघण्याआधी एका कागदावर लिहून ठेवायचं: जागेचे अक्षांश-रेखांश, अँब्युलन्स कुठपर्यंत येऊ शकते, तिथून चालत किती मिनिटं, फोनची रेंज कुठे लागते, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि नागपूरला मेडिकलपर्यंत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंत, किती वेळ. हा कागद माझ्या एकटीकडे असून उपयोग नाही, कदाचित जखमी मीच असेन. १०८ला कोण फोन करणार, रस्त्यावर जाऊन कोण उभं राहणार आणि बाकीच्यांना घेऊन कोण मागे सरणार, ही तीन नावं सकाळीच ठरलेली असतात. उंचावरून पडलेल्याला उचलून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान हलू द्यायची नाही. इतर जखमी असले तरी आधी दोरावर कुणी राहिलंय का ते बघायचं.

आवरताना

सगळं संपल्यावर, साडेअकराच्या सुमारास, ऊन चढलेलं असतं. खाली संत्री सोलली जात असतात, कुणीतरी गाणी लावतं, गाडीवाला हॉर्न देतो. अशा वेळी एक माणूस वर असतो, अँकर सोडवणारा. सकाळपासून उभा, थकलेला, उपाशी. त्याने स्वतः बांधलेली प्रत्येक गोष्ट तो आता एकेक करून सोडत असतो आणि कामच असं आहे की धारेजवळ वाकावं लागतं. कुठल्या क्रमाने काय सोडायचं यात चूक झाली तर तो स्वतःच ज्याला बांधलेला आहे तेच सोडून बसतो. आणि खालचं कुणीच वर बघत नसतं.

म्हणून आमच्याकडे अँकर काढायला दोघे जातात. एक सोडवतो, दुसरा काही न करता बघतो आणि प्रत्येक कॅराबिनर सोडण्याआधी मोठ्याने विचारतो, "तू कशाला बांधला आहेस?" उत्तर बोलून नाही, हात लावून द्यायचं. दोर खाली टाकण्याआधी हाक, खालून "ये!" आल्यावरच दोर. दोघे पायवाटेने उतरून रेघेच्या बाहेर आले की मी माणसं मोजते, मग कॅराबिनर, मग स्लिंग. तोपर्यंत कुणी हेल्मेट काढत नाही, आणि संत्र्याच्या दोन फोडी काढून ठेवलेली वाटी त्या दोघांची असते.